आमच्या नगरपालिकेला पाचापैकी तीन स्टार, त्यातला एक फक्त पावतीचा

लोक हॉटेलचा रिव्ह्यू टाकतात, मोबाईलच्या कव्हरचा टाकतात, मी आमच्या नगरपालिकेचा टाकतोय. मागच्या सात-आठ महिन्यांत जितक्या चकरा मी तिथं मारल्या तितक्या लग्न झाल्यापासून सासरवाडीला मारल्या नसतील. गावाचं नाव लिहीत नाही. मराठवाड्यातलं ब वर्गाचं गाव आहे एवढं समजा, म्हणजे चाळीस हजार ते एक लाखाच्या मधली वस्ती, मंगळवारी बाजार, आठ दिवसाला नळ. नाव लिहिलं की उद्या टेबलावरचा माणूस मला ओळखणार आणि माझं आजून एक काम तिथंच पडलेलं आहे.

बोर्डावर नगर परिषद असं लिहिलेलंय पण गावात सगळे नगरपालिकाच म्हणतात, मी पण तेच म्हणतो.

तर झालं असं की ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरीच असतं. जून २०२५ मध्ये भाचा झाला, इथल्याच एका खाजगी दवाखान्यात, सिझर. दाजी पुण्यात कंपनीत. दाजींचा समज असा की बाळाचा दाखला ते राहतात तिथं निघणार, तिथं जाऊन विचारून पण आले. पण जन्माची नोंद बाळ जिथं जन्मलं तिथंच होते, आईबाप कुठं का राहिनात. म्हणजे आली ती मामाच्या गळ्यात. मला वाटलं काय त्यात, आता सगळं ऑनलाईन झालंय. तेव्हा मी लई भोळा होतो.

आता ऑनलाईन म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण यातलं निम्मं मला पण चकरा मारता मारताच कळलं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. तो केंद्रानं २०२३ मध्ये बदलला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा नियम लागू झाला. त्या तारखेनंतर जन्मलेल्या पोराला शाळा, आधार, लायसन, मतदार यादी, पासपोर्ट, लग्नाची नोंदणी, सरकारी नोकरी, सगळीकडं जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागणार. आपल्या वेळेस गुरुजींनी अंदाजानं १ जून टाकली की झालं, आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी असायचा, ते दिवस गेले. नोंद केंद्राच्या सीआरएस म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीच्या पोर्टलवर करायची, त्याचं मोबाईल ॲप पण ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं. नोंद झाल्यापासून सात दिवसांच्या आत दाखला द्यायचा, तो पण फुकट. आणि बाळ दवाखान्यात जन्मलं तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची, २१ दिवसांच्या आत, घरच्यांनी पळायचं कामच नाही. कागदावर बघा किती सुंदर दिसतंय.

पहिल्यांदा गेलतो तेव्हा इमारत बघून खरंच बरं वाटलं. २०२५ च्या सुरुवातीला राज्यानं १०० दिवसांचा कार्यक्रम काढला होता ना, ऑफिस साफ करा, वेबसाईट नीट करा, लोकांना बसायला-प्यायला सोय करा, त्यात आमच्या नगरपालिकेचा पण नंबर लागला. भिंतीला रंग, जिन्यातल्या पिचकाऱ्या गायब, बाकडे नवे, पाण्याचा फिल्टर, बायकांसाठी वेगळा संडास आणि मुख्य म्हणजे त्याला कुलूप नाही. दर्शनी भागात हा मोठा बोर्ड, कोणती सेवा, किती दिवस, फी किती, पदनिर्देशित अधिकारी कोण, अपील कुणाकडं. जन्माचा दाखला तीन दिवस असं स्वच्छ लिहिलेलं. बोर्डाच्या बरोबर खाली शिपाई मामा बसतात, त्यांच्या खुर्चीमुळं अपिलाची ओळ झाकली जाते, मुद्दाम नसंल, पण झाली आहे खरी तशी जागा.

जन्म-मृत्यूच्या टेबलावर मॅडम होत्या. चांगल्या बोलल्या. म्हणल्या दवाखान्याची माहिती आलेली नाही. दवाखान्यात गेलो तर काउंटरवरची पोरगी म्हणली आम्ही तर त्याच आठवड्यात पाठवली. परत इकडं. मॅडमनं कॉम्प्युटरवर बघितलं, म्हणल्या हां आलेली दिसतीय, पण मंजूर व्हायचीय, मंजुरी निबंधक साहेबांच्या लॉगिनवरून होते, लॉगिनला ओटीपी लागतो, ओटीपी साहेबांच्या मोबाईलवर जातो.

"मग साहेब कुठंत?"

"साहेब व्हीसीत आहेत."

ज्यांना सरकारी ऑफिसात काम पडलंय त्यांना व्हीसी म्हणजे काय ते सांगायला नको. व्हिडिओ कॉन्फरन्स, साहेब आतल्या खोलीत दार लावून स्क्रीनसमोर, वरचे साहेब मुंबईहून किंवा जिल्ह्याहून आढावा घेणार, मोबाईल सायलेंट. मी तीन वेगवेगळ्या दिवशी गेलो, तिन्ही वेळेस व्हीसी. तिसऱ्या दिवशी मामांना विचारलं आज कशाची व्हीसी, तर म्हणले दीडशे दिवसांची. मेपासून राज्यात १५० दिवसांचा ई-गव्हर्नन्सचा कार्यक्रम चालू होता, सगळ्या सेवा ऑनलाईन करा, ऑफिस पेपरलेस करा, त्याचा आढावा. म्हणजे दाखले ऑनलाईन लवकर कसे मिळतील याच्या मीटिंगमुळं माझ्या भाच्याचा ऑनलाईन दाखला अडकलेला. मी मामांकडं बघितलं, मामांनी माझ्याकडं, आणि दोघं पण हसलो. दुसरं करणार काय.

चौथ्या चकरेला दाखला मिळाला. प्रिंट झकास, क्युआर कोड वगैरे. बाहेर गाडीवर बसून वाचला आणि डोक्याला हात लावला. दाजींचं नाव ज्ञानेश्वर. मराठीत बरोबर होतं. इंग्रजीत जी-वाय-ए-एन, म्हणजे ग्यानेश्वर. आधारवर, पॅनवर, कंपनीच्या कार्डावर सगळीकडं डी-एन-वाय-ए. आता तुम्ही म्हणताल एवढं काय त्यात, उच्चार तर कळतो. पण कॉम्प्युटरला उच्चार कळत नाही भाऊ. उद्या पोराचं आधार काढताना, पासपोर्ट काढताना बापाचं नाव जुळलं नाही की ती एक वेगळीच वारी. ज्ञ इंग्रजीत कसा लिहायचा हा प्रश्न अख्ख्या महाराष्ट्राचा आहे, ज्ञानदेव, ज्ञानोबा, प्रज्ञा, संज्ञा सगळ्यांनी भोगलेला. फॉर्मवर दाजींनी स्वतःच्या हातानं डी-एन-वाय लिहिलं होतं, दवाखान्यातल्या पोरीनं भरताना जी-वाय टाकलं, इथं मंजूर करणाऱ्यानं डोळे झाकून मंजूर केलं. चूक कुणाची म्हणाल तर तिथली थोडी, इथली थोडी, आणि चकरा सगळ्या माझ्या.

दुरुस्तीला कायद्यात तरतूद आहे, निबंधकच करू शकतो. मॅडमनं यादी दिली, आईबापाचं आधार, दवाखान्याचं पत्र, आणि प्रतिज्ञापत्र, "पाचशेच्या बाँडवर." इथं मी जरा अडलो. २०२४ मध्ये शंभरचा बाँड जाऊन पाचशेचा झाला ते माहीत होतं, पण सरकारी ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं, ही माफी जुनीच आहे आणि २०२५ मध्ये महसूल खात्यानं ते परत एकदा सांगितलं, पेपरात आलं होतं. मी म्हणलं मॅडम साध्या कागदावर चालतं की. मॅडम म्हणल्या आमच्याकडं सगळे बाँडवरच देतात. मी म्हणलं तसं पत्र आहे का. पत्र नव्हतं. "बरं, आणा साध्यावर." पाचशे रुपये वाचले, पण माझ्या पुढं जे म्हातारबाबा होते, बायकोच्या मृत्यूच्या दाखल्याला आले होते, त्यांच्या हातात बाँडच होता. कुणी सांगितलं तर म्हणले बाहेर टायपिंगवाल्यानं. बाहेर झाडाखाली टायपिंगवाले बसतात ते म्हणजे आमच्या नगरपालिकेचं खरं चौकशी खिडकीचं ऑफिस. वरून आलेला कोणताही आदेश पहिल्यांदा त्यांच्या लक्षात येतो आणि लोकांना सांगायचा तो त्यांच्या सोयीनं.

आता पावतीवर येतो.

दुरुस्तीचा अर्ज घेऊन गेलो तेव्हा सवयीप्रमाणं मॅडम म्हणल्या ठेवून जा, आठ दिवसांनी या. ह्या "ठेवून जा" नं मराठवाड्यातल्या किती लोकांचं आयुष्य खाल्लंय देव जाणे. पण या वेळेस मी तयारीत गेलतो. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, २८ एप्रिलला त्याचा दिवस पण साजरा करतात, आमच्याकडं बॅनर लागतो, शपथ घेतात, फोटो काढतात. त्या कायद्यानुसार अर्ज घेतला की पोच द्यावी लागते, त्यावर नंबर, आणि काम किती दिवसात होणार ते. मुदतीत नाही झालं किंवा नाकारलं तर तीस दिवसांत पहिलं अपील त्याच ऑफिसातल्या वरच्या साहेबाकडं, तिथं नाही झालं तर दुसरं अपील, आणि त्याच्यावर सेवा हक्क आयोग. काम अडवणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो, तो पण त्याच्या खिशातून.

मी भांडलो नाही, कायद्याचं कलम पण वाचून दाखवलं नाही, फक्त म्हणलं "मॅडम, पोच द्या, दाजींना फोटो पाठवायचाय." एवढंच. मॅडमनं ऑपरेटर पोराकडं बघितलं, पोरानं अर्ज सिस्टिमला चढवला, पावती निघाली. आणि चमत्कार बघा, आठ दिवसांनी या म्हणणारं ऑफिस, तिथून चौथ्या दिवशी मला फोन आला, दुरुस्ती झाली, घेऊन जा. फोन! मी दोन वेळेस नंबर बघितला. तो कागद छोटा असतो हो, एटीएमच्या स्लिपपेक्षा थोडासा मोठा, पण त्यावर तारीख पडली की तुमचा अर्ज कुणाच्या तरी डोक्यावर बसतो. तोवर तो नुसता गठ्ठ्यात असतो. तीन स्टारांतला एक याचाच.

पण आता दुसरी बाजू, कारण टेबलाच्या पलीकडची माणसं काय राक्षस नाहीत. दाखला घ्यायला गेलो तेव्हा लाईट गेली होती, इन्व्हर्टरवर फक्त एक पंखा, म्हणून बसून गप्पा झाल्या. मॅडमच्या टेबलावर पोर्टल असताना पण ते भलं मोठं लाल बाइंडिंगचं रजिस्टर उघडं होतं आणि त्यात पण तीच नोंद हातानं चालू. मी विचारलं हे कामून आता. म्हणल्या, "पोर्टल बंद पडलं तर? ऑडिटला काय दाखवू? उद्या कोर्टात साक्षीला बोलावलं तर मूळ रजिस्टर घेऊन या म्हणतात." मग सांगत बसल्या. आधी राज्याचं एक सॉफ्टवेअर होतं त्यात भरलं, मग केंद्राचं आलं त्यात भरलं, मग त्याचं नवं आलं, प्रत्येक वेळेस जुनं नव्यात आपोआप येईल असं सांगितलं आणि प्रत्येक वेळेस काहीतरी राहिलंच. "रजिस्टर एकदा पण हँग झालं नाही बघा." याच्यावर मी काय बोलणार.

आणि एक टेबल म्हणजे एकच काम असं पण नाही. मॅडमकडं जन्म-मृत्यू, विवाह नोंदणी, आणि वर निवडणूक लागली की निवडणूक. ऑपरेटर पोरगं एजन्सीचं, पगार दोन-दोन महिने लेट, उद्या त्यानं सोडलं की पासवर्ड पण त्याच्याबरोबर जातो. वर त्यांना मोबाईलवर ट्रेनिंग. २०२० मध्ये केंद्रानं मिशन कर्मयोगी काढलं, त्याचं आयगॉट म्हणून ॲप आहे, कर्मचाऱ्यांनी त्यावर कोर्स करायचे, व्हिडिओ बघायचे, सर्टिफिकेट घ्यायचं. कल्पना चांगलीच आहे, मी नाव ठेवत नाही. पण मी बघितलं ते असं, मोबाईल टेबलावर उभा करून ठेवलेला, आवाज बंद, व्हिडिओ आपला चालू, आणि मॅडम खाली मान घालून रजिस्टर लिहीत. मी डोकावलो तर कोर्सचा विषय नागरिकांशी वागणूक. मॅडम म्हणल्या, "पूर्ण झाल्याची यादी मागतात हो वरून." एक सांगतो, त्या मॅडमला कोर्सची तशी गरज पण नाही, त्या म्हातारबाबांना त्यांनी स्वतःची खुर्ची दिली होती.

आमची नगरपालिका वरून आलेली कोणतीही सुधारणा नाकारत नाही, एकदा पण नाही. ती फक्त जुन्याच्या शेजारी नव्याला जागा करून देते, घरात नवीन सून आली तरी सासूचं कपाट काय हलत नाही तसं. रजिस्टर पण आणि पोर्टल पण. ऑनलाईन अर्ज पण, आणि त्याची प्रिंट काढून फाईलला लावा पण. पेपरलेस आढाव्याचा अहवाल पाच प्रतींत. आणि या दोन्ही कपाटांच्या मधून जो बोळ राहतो त्यातून आपण ये-जा करायची.

रेकॉर्ड रूमचं पण सांगतो, ते मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं. आजोबांच्या नावचं घर वडिलांच्या नावावर करायचंय (तेच ते पडलेलं काम), त्यासाठी आजोबांच्या मृत्यूची जुनी नोंद पाहिजे होती. मामांनी आत नेलं. लोखंडी मांडण्या, त्यावर लाल कापडात बांधलेले रुमाल, म्हणजे दप्तराचे गठ्ठे, वास असा की नाक धरावं. पण एक मांडणी एकदम टापटीप, प्रत्येक रुमालाला चिठ्ठी, वर्ष, पान किती. मी म्हणलं ही एकच कशी काय. मामा म्हणले, "हे कुणबी नोंदीच्या टायमाला झालं." सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली ना, मराठवाड्यातल्या निजामाच्या काळातल्या नोंदी शोधायला, तेव्हाची गोष्ट. आपल्याकडं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, त्यामुळं जुनं दप्तर काही मोडी लिपीत, काही उर्दूत, वाचणारा माणूस सापडता सापडेना. शाळांचे दाखल-खारिज रजिस्टर, जन्म-मृत्यूची जुनी वही, सगळं काढलं, पुसलं, स्कॅन केलं. मामा म्हणले रात्री दहा-दहापर्यंत बसायचो, चहा मुख्याधिकारी साहेब स्वतः सांगायचे. म्हणजे इतकी वर्षं डिजिटायझेशनची परिपत्रकं येत होती तेव्हा हे दप्तर हललं नाही, आणि मराठा आरक्षणासाठी बाहेर रस्त्यावर लोक बसले तेव्हा काही आठवड्यांत हललं. आजोबांची नोंद मात्र त्या टापटीप मांडणीत नव्हती, शेजारच्यात होती, तिथं उंदीर झाले होते. सापडली, पण अर्धं पान.

घरपट्टी. इथं केंद्राचा हात थेट लागतो, लोकांना माहीत नसतं. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी देशातल्या नगरपालिका-महानगरपालिकांना १ लाख २१ हजार कोटी रुपये ठेवले, पण अटी घातल्या. हिशेब ऑनलाईन टाका, घरपट्टीचे किमान दर ठरवा आणि वसुली दरवर्षी वाढवून दाखवा, नाहीतर पैसे नाहीत. आणि आमच्यासारख्या लहान शहरांच्या वाट्याच्या त्या पैशातला ६० टक्के बांधलेला, पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, पगाराला तर हात लावायचाच नाही. मग आमचं ऑफिस काय करतं, फेब्रुवारी उजाडला की रिक्षावर भोंगा, मार्चमध्ये थकबाकीदाराच्या दुकानासमोर ढोल, बड्या नावांची यादी चौकात फ्लेक्सवर (बड्यातले खरे बडे त्यात नसतात ती गोष्ट वेगळी). थकबाकीला महिन्याला दोन टक्के शास्ती, लहानशी रक्कम बघता बघता म्हैस होते. तरी इथं मी चांगले मार्क देतो, कारण बिलावर क्युआर आला, मी दुकानात बसून भरली, पावती लगेच. फक्त बिलावर नाव आजून आजोबांचंच, ते वारून बावीस वर्षं झाली. पट्टी मेलेल्या माणसाच्या नावानं लगेच घेतात, नाव बदलायला मात्र तो मेला हे सिद्ध करा म्हणतात.

हिशेब ऑनलाईन आहेत का म्हणून मी वेबसाईट उघडली. आहेत. तिरपे स्कॅन केलेले, दोन पानं उलटी. अटीत सरळ टाका असं कुठं लिहिलंय?

कचऱ्याचं थोडक्यात सांगतो. घंटागाडी रोज येते, हे खरंच मोठं काम झालं, स्वच्छ भारतच्या आधी आमच्या गल्लीच्या तोंडाला उकिरडा होता, आता तिथं सेल्फी पॉईंट आहे. ओला-सुका दोन डबे आम्ही वेगळे देतो, गाडीत मध्ये पत्र्याची फळी पण आहे, गाडी डेपोवर गेल्यावर फळीचं काय होतं ते मी एकदा बघितलंय, लिहीत नाही. सर्वेक्षण आलं की दोन पोरं दारोदार मोबाईल मागत फिरतात, काका तुमचा फीडबॅक देऊ का. मी म्हणलं मी देतो की. तर म्हणले नको काका, आम्हीच देतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा.

एक काम मात्र मनापासून चांगलं झालं ते चहावाल्या अण्णांचं. माझ्या दुकानासमोर गाडा लावतात. २०२० च्या लॉकडाऊननंतर पीएम स्वनिधी आली, फेरीवाल्यांना दहा हजार कर्ज, विनातारण, वेळेवर फेडलं तर सात टक्के व्याजाची सूट, मग वीस हजार, मग पन्नास. नगरपालिकेचं शिफारसपत्र लागायचं, कारण फेरीवाल्यांच्या सर्वेच्या यादीत अण्णा नव्हते, सर्वे झाला तेव्हा ते पंढरीला गेलते. मला वाटलं आता झालं यांचं. पण त्या विभागातला एक माणूस स्वतः टॅब घेऊन गाड्यापाशी आला, फोटो काढला, तिथंच उभ्या उभ्या अर्ज भरला, पत्र दिलं. अण्णांनी तिन्ही कर्जं घेतली, दोन फेडली, तिसरं चालू. २०२५ मध्ये योजना वाढवून २०३० पर्यंत नेली आणि पहिलं कर्ज पंधरा हजार केलं, तेव्हा अण्णा म्हणले आपण लवकर घेतलं राव, पाच हजाराला मुकलो. त्या माणसाची नंतर बदली झाली. चहा मात्र अण्णा त्याला आजून फुकट देतात, तो इकडं आला तर.

आता तुम्ही म्हणताल नगरसेवकाला का नाही सांगितलं. नगरसेवक होतेच कुठं. १९९३ पासून घटनेतच लिहिलंय, ७४ वी दुरुस्ती, की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं आणि मुदत संपायच्या आत निवडणूक घ्यायची. आमच्याकडं आरक्षणाच्या कोर्टबाजीत जवळपास चार वर्षं प्रशासक होता. शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं आता घ्याच, तेव्हा डिसेंबरमध्ये झाल्या, आणि निकालाला पण २१ तारखेपर्यंत ताटकळत ठेवलं. या चार वर्षांत वरून जे जे आलं, पोर्टल, ॲप, कार्यक्रम, त्याला सभागृहात उभं राहून "साहेब हे आमच्या गल्लीत कसं चालणार" असं विचारणारं कुणी नव्हतं. खरं सांगू का, त्याचा एक फायदा पण झाला, चिठ्ठी आणा, फोन करायला लावा हा प्रकार कमी झाला, सगळे एका लाईनीत. आता नवीन नगरसेवक आलेत, पहिल्याच महिन्यात आमच्या वॉर्डाच्या भाऊंनी गाडीमागं "जनसेवक" लिहून घेतलंय, आणि परवा वारस नोंदीचं विचारायला गेलो तर मॅडम हळूच म्हणल्या, "भाऊंना एक फोन करायला सांगा ना, लवकर होईल." म्हणजे परत तेच. मी म्हणलं मॅडम पोच आहे माझ्याकडं. त्या हसल्या आणि म्हणल्या, "हां, तुम्ही पोचवाले."

तर रेटिंग. इमारत आणि संडास, एक स्टार. पावती, एक स्टार. मॅडम, मामा आणि टॅबवाला मिळून एक. ओटीपी, व्हीसी आणि उलटे स्कॅन यांचे दोन कापले.

जाणार असाल तर थोडं सांगून ठेवतो. दुपारी बारा ते एक या वेळेत जा, त्याआधी सर्व्हर नाही आणि त्यानंतर जेवण. मंगळवारी बाजार असतो, मंगळवारी जाऊ नका, गाडी लावायला जागा मिळत नाही. दवाखान्यात फॉर्म भरताना इंग्रजी स्पेलिंग आधार समोर ठेवून स्वतः टाईप करून घ्या, विशेषतः नावात ज्ञ, क्ष किंवा ऋ असंल तर. बाळाचं नाव ठरलं नसंल तर अडून बसू नका, नोंद बिननावाची होते, बारा महिन्यांच्या आत नाव टाकलं तर फी नाही, भाच्याच्या नावावरून आमच्याकडं आत्याबाईंचं आणि आजीचं आजून मिटलेलं नाही, जूनपर्यंत वेळ आहे. प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर द्या. आणि पेन घरून न्या, काउंटरला दोरीनं बांधलेला एक आहे, पण त्यात रिफिल नाही.